अण्णा तारा पुसतो

आमच्या घरात इंग्रजी सिनेमा कुणाला धड बघू दिला जात नसे. दोष अप्पांचा, म्हणजे वडिलांचा. ते धारवाडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि शाळा सुटली तरी त्यांचा तास सुटायचा नाही.

नव्वदच्या दशकात हुबळीला रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे लागायचे. अंतराळातले, समुद्राच्या तळाचे, राक्षसी सरड्यांचे. आमच्याकडे येईपर्यंत प्रिंट इतकी झिजलेली असायची की वाळवंटातसुद्धा पाऊस पडतोय असं वाटायचं. आम्ही चौघं धारवाडहून बसनं जायचो. बसायचा क्रम ठरलेला होता. आधी अप्पा, मग आई, मग अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ, आणि टोकाला मी. आईला इंग्रजी येत नव्हतं. मराठी आणि कानडी या दोन भाषांत ती कुणाचीही खोड मोडू शकायची, तिसरीची तिला कधी गरज पडली नव्हती. म्हणून तिच्या एका कानात अण्णा गोष्ट सांगायचा आणि दुसऱ्या कानात अप्पा ती गोष्ट कशी खोटी आहे ते सांगायचे.

शहर बुडायला लागलं की अप्पा म्हणायचे, हे सगळं टबात चाललंय, घरं वीतभर उंचीची आहेत. पाण्याचे थेंब बघ केवढे दिसतात, घर लहान करता येतं पण थेंब लहान करता येत नाही. यान सुटलं की म्हणायचे, यान जागच्या जागी आहे, कॅमेरा पळतोय. सरडा आला की म्हणायचे, रबर आहे, आत माणूस आहे, घामानं निथळत असेल बिचारा. त्या माणसाबद्दल त्यांना खरंच वाईट वाटायचं.

आई शांतपणे ऐकून घ्यायची. मग म्हणायची, राक्षस कसा केला ते घरी गेल्यावर सांगा, तो एवढा चिडलाय कशानं ते आधी सांगा. ते अप्पांना माहीत नसायचं. अण्णाला असायचं. नसलं तर तो रचायचा. ते उच्चार त्याला तरी कुठे कळत होते! त्याच्या गोष्टीत परग्रहावरच्या प्राण्यांनाही मामा असायचा, आत्या असायची, भावकीत भांडणं असायची. एका सिनेमात एक यंत्रमानव माणसांना वाचवण्यासाठी स्वतःला कायमचं बंद करून घेतो. तेव्हा आई पदर डोळ्यांना लावून रडली, कारण त्याला एक धाकटी बहीण आहे आणि ती घरी वाट बघतेय असं अण्णानं तिला सांगितलं होतं. सिनेमात बहीणबिहीण काही नव्हती. ती बहीण म्हणजे मी, हे मला लगेच कळलं. आपल्याला न विचारता गोष्टीत घातलं म्हणून मी दिवसभर फुगून बसले, आणि मनातून फार सुखावले.

त्या दोन कानांच्या मधे कुठेतरी अण्णाचं आयुष्य ठरलं असावं. त्याला अप्पांची युक्ती पण हवी होती आणि आईची गोष्ट पण. आमच्या मागच्या अंगणात यानं तयार व्हायला लागली. इडलीपात्रातल्या ताटल्या एकावर एक उलट्या ठेवल्या की परग्रहावरची तबकडी झाली. ती दोऱ्यानं पेरूच्या फांदीला टांगायची आणि मी खालून टॉर्च मारायचे. एका गौरीच्या दिवशी पाहुणे दारात आणि आई ताटल्या शोधत घरभर फिरतेय, असा प्रसंग झाला. तबकडी झाडावर सापडली. आईनं अण्णाला ओरडायच्या आधी एकदा खाली उकिडवं बसून, मान वाकडी करून ती बघून घेतली. मगच ओरडली.

पुढे अण्णा हुबळीला विद्यानगरच्या कॉलेजात इंजिनिअर झाला. सगळे म्हणाले आता नोकरी, मग लग्न. तो हैदराबादला गेला आणि परदेशी सिनेमांची इफेक्टची कामं करणाऱ्या एका कंपनीत चिकटला. अप्पांनी आयुष्यभर सिनेमातली खोटी कामं उलगडून दाखवली होती, पण त्यावर पोट भरता येतं हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आईचा प्रश्न सोपा होता. तिनं फोनवर विचारलं, ‘‘काय करायलास तिथं? मला समजेल असं सांग की.’’

अण्णा म्हणाला, ‘‘तारा पुसतो.’’

काम तसंच होतं. नट उडतो, उंचावरून झेप घेतो, अंतराळात तरंगतो, तेव्हा त्याला तारांनी टांगलेलं असतं. चित्रीकरणात त्या तारा दिसतात. अण्णा कॉम्प्युटरवर एकेका चित्रातून त्या पुसायचा आणि मागचं आभाळ पुन्हा भरून काढायचा. पण हे त्यानं नंतर मला सांगितलं. आईनं एवढंच ऐकलं की मुलगा तारा पुसतो. सिनेमा अंतराळाचा, तेव्हा तारा म्हणजे आभाळातलाच. मग तिनं स्वतःच विचार केला की एक तारा पुसायला एवढा पगार कोण देईल, तेव्हा पुष्कळ असणार. दुसऱ्या दिवसापासून तिचा मुलगा तारे पुसू लागला.

हा घोटाळा मराठीतच होऊ शकतो. कानडीत तार म्हणजे तंती, तिचा आभाळाशी काही संबंध नाही. त्यामुळे आईनं शेजारच्या अक्कांना कुंपणावरून अभिमानानं सांगितलं, ‘‘नम्म हुडुग चुक्की वरस्तान्री,’’ आमचा मुलगा चांदण्या पुसतो, तेव्हा त्या बाई घाबरल्या. पोरगा हैदराबादला जाऊन बिघडला की काय, असं त्यांनी अप्पांना हळूच विचारलं. सुभाष रोडवर आईच्या नेहमीच्या भांड्यांच्या दुकानातही बातमी पोचली. तिथल्या मालकांनी तारे पुसायला काय वापरतात, चिंच की राख, असं मला तोंड भरून हसत विचारलं. मला राग आला. घरी येऊन मी अप्पांना म्हटलं की आईला खरं काय ते आता सांगून टाका, लोक हसतायत.

अप्पांना समजावून सांगायची केवढी हौस, ते मी सांगितलंच आहे. ते चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘इतकी वर्षं मी तिचा प्रत्येक सिनेमा मोडला. हा एक राहू दे.’’

अण्णाला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, आई खूश आहे ना, मग झालं. अशी दोन-तीन वर्षं गेली.

मग कंपनीनं त्याला लंडनच्या मोठ्या स्टुडिओत पाठवायचं ठरवलं. दोन वर्षं. तिथं तारा पुसायच्या नव्हत्या, अख्ख्या प्रसंगाची रचना शिकायला मिळणार होती. लहानपणापासून त्याला हेच हवं होतं. अप्पा लगेच हो म्हणाले. आई नाही म्हणाली. तिनं आरडाओरडा केला नाही, नुसतं नाही म्हटलं आणि कणीक मळत राहिली. हैदराबादला आजारी पडलास तर मी रात्रीच्या बसनं सकाळी पोचते, तिथं पडलास तर कशी येऊ, एवढंच तिचं म्हणणं. आणि आई हो म्हणाल्याशिवाय जाणार नाही हे अण्णानं कंपनीला कळवून टाकलं होतं. उत्तर द्यायची मुदत जवळ येत होती आणि घरात सगळे एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलत होते.

त्याच सुमाराला त्यानं काम केलेला सिनेमा हुबळीला लागला. अण्णा रजा काढून आला, आईला स्वतः दाखवायला. दुपारच्या खेळाला आम्ही चौघं गेलो. क्रम तोच, फक्त अप्पा या वेळी अवाक्षर बोलले नाहीत. अण्णा आईच्या कानाशी वाकून हळू आवाजात गोष्ट सांगत होता. एक बाई बिघडलेलं यान दुरुस्त करायला बाहेर पडते आणि काळ्या अंधारात एकटीच तरंगत राहते. तो लांबलचक प्रसंग अण्णाचा होता. महिनोन् महिने त्यानं तो चित्रागणिक पुसला होता. मी त्या बाईच्या खांद्याकडे, कमरेकडे डोळे ताणून बघत होते, कुठे काही राहिलंय का. काही राहिलं नव्हतं. अप्पाही तिथंच बघत होते, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

आई त्या बाईकडे बघतच नव्हती. ती तिच्या मागचं आभाळ बघत होती. बराच वेळ बघून अण्णाच्या पुढून माझ्याकडे वाकून म्हणाली, किती स्वच्छ आहेत गं. मी नुसती मान हलवली.

खेळ संपल्यावर नावांची रांग वर सरकायला लागली. आईनं विचारलं, तुझं कुठलं? अण्णा म्हणाला, कंपनीचं आलं, आमची येत नाहीत. दिवे लागून सगळे बाहेर गेले तरी आई पडदा पांढरा होईपर्यंत बसून राहिली.

परतीच्या बसमध्ये गर्दी कमी होती. आई आणि अण्णा एका बाकावर, आम्ही मागच्या. विद्यानगर मागे पडलं तशी आई बोलायला लागली. ती अगदी समाधानात होती आणि तिचं म्हणणं बिनतोड होतं. मी डोळ्यांनी बघितलं, सगळे तारे लख्ख झालेत, एकावर डाग नाही. मग आता एवढ्या लांब जाऊन राहिलंय काय पुसायचं? तुझं काम झालं की बाळा. आता इकडंच बघ काहीतरी.

अप्पांनी माझा हात घट्ट धरला. अण्णानं मागे वळून आमच्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघत त्यानं तिला सांगितलं की तारे त्यानं पुसले नाहीत. त्या बाईला तारेनं टांगलं होतं, जाड, काळ्या, कमरेला बांधलेल्या तारेनं, आणि ती तार कुणाला दिसू नये म्हणून त्यानं पुसली. एवढंच त्याचं काम. इतकी वर्षं तुला बोललो नाही, असंही म्हणाला.

आई मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करायला लागली. मला वाटलं, आता ती दुखावली, आता सगळंच संपलं. फसवल्याचा राग आला की ती असंच हाताला काहीतरी काम लावायची. रायापूर आलं, कंडक्टरनं नाव पुकारलं, दोन माणसं उतरली, बस पुन्हा सुरू झाली. तेव्हा तिनं विचारलं, ‘‘तार पुसल्यावर ती बाई पडत नाही?’’

अण्णा म्हणाला, ‘‘नाही गं. तार असतेच. फक्त दिसत नाही.’’

‘‘धरून असते?’’

‘‘असते की.’’

तिनं त्याच्या शर्टाची सुरकुतलेली कॉलर हातानं सरळ केली. मी मागे बसले होते, तिचा चेहरा मला दिसला नाही. आवाज मात्र रोजच्यासारखाच होता, बाजारात पाठवताना असायचा तसा.

‘‘मग जाऊन ये,’’ ती म्हणाली.