अजून न बांधलेल्या खोलीतलं ऊन

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. आमच्या बाबांना ते बांधायचं नव्हतंच. होतं तेच उचलून दुसरीकडे ठेवायचं होतं. कारखान्यातून निवृत्त झालेली आमच्याकडची बरीच माणसं हेच करतात. जन्म भिलाईच्या क्वार्टरात काढतात आणि स्वतःचा प्लॉट घेतला की त्यावर पुन्हा तेच क्वार्टर उभं करतात. पुढे व्हरांडा, त्याला लागून ड्यूटीवाल्याची खोली, मागे स्वयंपाकघर आणि आंगण. ड्यूटीवाला पुढे झोपतो, म्हणजे त्याच्या अवेळी जाण्यायेण्यानं बाकीच्यांची झोप मोडत नाही.

मी आर्किटेक्ट झाले, रायपूरला नोकरीला लागले, तरी बाबांनी मला नकाशा काढायला सांगितला नाही. क्वार्टराचाच उतरवून घ्यायला सांगितला.

"कावून बदलवतं वं?" ते म्हणाले. "क्वार्टरात कधी कोणाले गरम झालं?"

झालं नव्हतं, हे खरंच. पण क्वार्टराचं तोंड उत्तरेला होतं आणि भिलाईला लागून चरोद्याकडे घेतलेल्या आमच्या प्लॉटचं पश्चिमेला. तोच नकाशा इथे ठेवला की ड्यूटीवाल्याची खोली थेट उतरत्या उन्हात जात होती. एवढी साधी गोष्ट बाबांच्या गळी उतरेना.

आणि ड्यूटीवाला म्हणजे माझा दादा. तो कारखान्यात क्रेन चालवतो. वितळलेल्या पोलादाचं भांडं उचलून नेतो आणि खाली माणसं काम करत असतात. रातपाळी करून आला की त्याला भर दुपारी झोपावं लागतं. क्वार्टर सोडून आम्ही भाड्याच्या घरात आलो, तिथे पहिल्याच मे महिन्यात त्याची झोप होईना, आणि एकदा क्रेनवर क्षणभर त्याचा डोळा लागला. काही झालं नाही. पण त्यानं ते घरी येऊन सांगितलं, आणि तेव्हापासून तो रातपाळीला गेला की आईही रात्रभर जागी राहू लागली.

त्या सुमारास मी ऑफिसात सिम्युलेशन शिकत होते. संगणकात घराचा ठोकळा उभा करायचा, त्यावरून वर्षभराचं तासातासाचं हवामान जाऊ द्यायचं आणि कुठली खोली कधी किती तापेल ते बघायचं. आमचं घर तेव्हा नुसता ठोकळाच होतं. वीट ठरलेली नाही, खिडक्या ठरलेल्या नाहीत. ऑफिसातले वरिष्ठ म्हणाले, इतक्या लवकर काढलेला आकडा म्हणजे बाजारात तुरी. त्यांचं चूक नव्हतं. मी लाल वीट घातली, राखेची वीट घातली, छत जाड केलं, पातळ केलं. आकडा दर वेळी नवीनच उडी मारायचा.

पण एक गोष्ट काही केल्या हलेना. काहीही घाला, पुढची खोली सगळ्यांत तापलेली आणि जिन्याच्या आडोशाला, मागे पूर्वेकडे ठेवलेली खोली सगळ्यांत शांत. आकड्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण त्या क्रमावर मी दादाचा जीव सोपवायला तयार होते. भिंती नाहीत, छत नाही, विटेचा पत्ता नाही, आणि तरी त्या घरातली एक खरी गोष्ट आधीच येऊन बसलेली. मला त्याचं अजूनही नवल वाटतं. त्यात काय एवढं, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, पण दुसरा चहाही विचारत नाही.

बाबांना मी आकडे दाखवलेच नाहीत. ऊन दाखवलं. पडद्यावर मे महिन्यातला एक दिवस सोडला. सूर्य मागून उगवला, छतावर चढला आणि उतरता उतरता पुढच्या खोलीत शिरून दादाच्या पलंगाच्या जागेवर पसरला. जन्मभर भट्टीसमोर उभे राहिलेले बाबा खुर्ची पुढे ओढून बघत राहिले.

"हे घर त अजून झालंच नाही न वं?"

"नाही, बाबा."

"अन् त्याच्यातलं ऊन तू मले आताच दाखवून राहिली?" त्यांनी पडद्यावरच्या पलंगाच्या जागेवर बोट ठेवलं. "अजून एक बार दाखव."

मी तीन-चारदा दाखवलं. शेवटी म्हणाले, "मांगं घे पोराची खोली. क्वार्टर गेलं उडत."

"मी सांगून सांगून थकली," आई आतून म्हणाली, "अन् मशीनचं कसं पटकन पटलं."

घर झालं. पहिल्या मे महिन्यात मी एका दुपारी लोकलनं चरोद्याला उतरले. दादाची रातपाळी चालू होती. त्याच्या खोलीत मी आधीच एक थर्मामीटर टांगून ठेवला होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्याचसाठी जीव वरखाली होत होता. घरी पोचले तर लाइट गेलेली, कूलर बंद. पुढच्या खोलीत कोणी नाही, स्वयंपाकघरात कोणी नाही. मी मागच्या खोलीचं दार हळूच ढकललं.

बाहेरच्या उन्हातून आल्यावर तो गारवा अंगाला आधी कळला. मग थर्मामीटर दिसला. पारा माझ्या अंदाजापेक्षा दोन अंश वर. मी चिडलेच. कुठे चुकलं, छतात की खिडकीत, याचा हिशोब उभ्या उभ्याच सुरू केला आणि मग खाली पाहिलं.

फरशीवर सतरंज्या टाकून सगळं घर तिथे झोपलं होतं. आई, वहिनी, दोघी भाच्या, भिंतीला पाठ लावून बाबा. झोपलेला माणूसही पेटलेल्या बल्बासारखा खोली तापवतो, आणि गणितात मी त्या खोलीत एकच माणूस घातला होता. पलंगावर दादा तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. आईसुद्धा घोरत होती.

मी चपला बाहेर काढल्या, दार लोटलं आणि आईच्या पायाशी थोडी जागा होती तिथे आडवी झाले. पारा आणखी थोडा चढला असेल.