लहान पेटी
नुकताच रंधा मारलेल्या लाकडाचा वास आला की मला बेलापूरची एक दुपार आठवते. पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आले होते. वडील सुतार, आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी वारलं की शवपेटी तेच करून द्यायचे, सेवा म्हणून. त्या दिवशी ते तापाने पडून होते. पाळकसाहेब दारात येऊन हळूच म्हणाले, “ऊसतोडीला आलेल्यांचं लेकरू गेलंय. लहान पेटी लागेल.” वडील भिंतीला धरून उठले. अंगणात फळ्या काढताना मला म्हणाले, “तू आत जा, पोरी. हे बघू नको.” मी गेले नाही, फळीचं दुसरं टोक दाबून धरलं. थोडं कापून झाल्यावर ते दम घ्यायला थांबले. “पाळकसाहेब म्हणत्यात, हे माझं कृपादान हाय. देवानं कुणाला गळा दिला, मला हे दिलं. लई वेळा वाटतं, परत घे म्हणावं.” “मग म्हणत का नाही, बाबा?” “मग त्या लेकराला कशात ठेवत्याल?” एवढं बोलून त्यांनी पुन्हा करवत ओढली. आता मंडळीतल्या आजाऱ्यांची शुश्रूषा मी करते. लोक त्यालाही कृपादान म्हणतात. मी बहुतेक वेळा दमलेली असते. हाक आली की पायात चपला सरकवते आणि निघते.