विमानाचा मुऱ्हाळी

वाट पाहणे ही एक विद्या आहे आणि ती ज्याला पूर्णपणे साधली असा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे माझे व्याही. विमानात ते जन्मात कधी बसले नाहीत. पण न आलेल्या विमानांचा त्यांच्याइतका सहवास एखाद्या वैमानिकालाही घडला नसेल. उशिरा येणारं, रद्द झालेलं, मस्कतहून निघालं म्हणतात पण पोहोचलं नाही असं, अशा सगळ्या जातींची विमानं त्यांच्या ओळखीची होती आणि एखाद्या तापट पण गुणी नातेवाइकाबद्दल बोलावं तसं ते त्यांच्याबद्दल बोलत. ‘त्यान्हा स्वभावच तसा शे,’ असं ते मस्कतच्या विमानाविषयी मला एकदा समजुतीच्या सुरात म्हणाले होते.

ते मूळचे अंमळनेरकडचे. तरुणपणी सुरतेत आले आणि उधन्यात एका यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला लागून पुढे मुकादम झाले. मी त्याच भागात मराठी शाळेत शिकवत होतो. त्यांची मुलगी माझ्या मुलाला दिली आणि आम्ही व्याही झालो. स्वभावाने आमचं काहीच जुळत नव्हतं. मी पुस्तकात डोकं घालून बसणारा, तर ते चार गल्ल्यांपलीकडून हाक मारणारे. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांचे कान मंदावले होते आणि आवाज मात्र उंचच राहिला होता. ते कानात काही सांगू लागले की समोरच्या चाळीतली माणसंही ऐकायला थांबत. माझ्या मुलीच्या लग्नात ‘ही गोष्ट आपल्या दोघांतच ठेवा’ असं म्हणून त्यांनी जे सांगितलं, त्यावर मांडवातल्या तीन बायकांनी आपापलं मत दिलं होतं.

लग्नानंतर वर्षाच्या आत माझ्या मुलाला मस्कतला वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीची नोकरी लागली आणि तो सुनेला घेऊन तिकडे गेला. पुढच्या आखाजीला दोघं सुट्टीवर येणार होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा सण सासुरवाशिणींचा. लेकीने माहेरी यायचं, झोक्यावर बसायचं, गाणी म्हणायची. आणि लेक कधी आपली आपण येत नाही. माहेराहून कोणीतरी तिला न्यायला सासरी जायचं असतं. त्या माणसाला मुऱ्हाळी म्हणतात. सणाच्या आठवडाभर आधी एका सकाळी माझे व्याही धुतलेलं धोतर, नवी टोपी आणि हातात सांजोऱ्यांचा डबा अशा थाटात आमच्या दारात उभे राहिले.

‘याही, पोरले धाडा. आखाजी उनी.’

मी म्हटलं, ‘अहो, पोर मस्कतला आहे. माझाच मुलगा तिला विमानाने घेऊन येतोय.’

‘ते माले माहीत शे. पन सासर कोठे शे? आठेच ना? मस्कत ते नोकरीनं गाव. तुम्ही धाडतस का नही, तेवढं सांगा.’

स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या बायकोचा आवाज आला, ‘सणाचं काम आमच्याकडेही आहे म्हटलं. आखाजी झाल्यावर नेलं तर नाही का चालायचं?’ व्याह्यांचा चेहरा एकदम उजळला. सासूने एकदा अडवायचं असतं, मुऱ्हाळ्याने एकदा विनवायचं असतं, मग चहा होतो. हे त्यांना कळत होतं, माझ्या बायकोला कळत होतं, मलाच तेवढं ठाऊक नव्हतं. ते विनवू लागले. घरात नसलेल्या सुनेला न्यायची परवानगी त्यांनी आमच्याकडून मिळवली आणि मगच मुंबईला न्यायची जीप ठरवायला गेले. हा सोहळा पुढे दर सुट्टीला झाला. एका वर्षी मी वाचनात गुंग होऊन ‘हो हो, न्या’ असं पटकन म्हणून गेलो तर ते खट्टू झाले आणि परत दाराबाहेर जाऊन नव्याने आत आले.

विमानतळावर ते इतके लवकर पोहोचत की ते नक्की कोणत्या विमानासाठी आलेत असा पहारेकऱ्याला प्रश्न पडे. सतरंजी, पाण्याची कळशी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्यांची पिशवी असा त्यांचा सरंजाम असे. फोन करून आधी चौकशी करणं त्यांना मान्य नव्हतं. ‘लेक येस आणि बाप घरमा बसीसन फोन करस, हाई काय रीत शे का?’ फळ्यावर विमान उशिरा असल्याचं लागलं की बाकीचे लोक चडफडत. हे मात्र सतरंजी झटकून नीट अंथरत. जणू आता कुठे कामाला सुरुवात झाली. आजूबाजूला ताटकळणाऱ्या कोणाचं कोण कुठून येतंय, किती वर्षांनी येतंय, ते काढून घेत. रडणाऱ्या म्हाताऱ्या आयांना भाकरी देत. एका उन्हाळ्यात विमान इतकं रखडलं की त्या वेळात त्यांनी नंदुरबारच्या एका कुटुंबातली मुलगी जळगावच्या एका कुटुंबातल्या मुलाला सुचवली. दोन्हीकडची माणसं कुवेतच्या विमानाची वाट पाहत होती. ते लग्न झालं आणि चांगलं चाललं. त्या पत्रिकेवर विमानाचंही नाव घालायला हवं होतं, असं ते म्हणत.

पण एका वर्षी त्यांची ही विद्या अपुरी पडली. त्या वर्षी मस्कतलाच आमची नात जन्मली होती आणि दिवाळीला तिला घेऊन दोघं यायची होती. माझ्या व्याह्यांनी तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. तो फोटो खिशात घालून ते कारखान्यात जात आणि मागावरच्या कामगारांनी हात पुसल्याशिवाय तो कोणाला धरू देत नसत. नवरात्र जवळ आलं आणि सुरतेत प्लेगची बातमी फुटली. पुढचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही. कारखाने थंडावले, स्टेशनावर पाय ठेवायला जागा उरली नाही, खानदेशातली माणसं मिळेल त्या वाहनाने गावी निघाली. आम्हीही बॅगा भरल्या. मी व्याह्यांना न्यायला गेलो तर ते ओट्यावर बसून शांतपणे दाणे सोलत होते.

‘चला, गाडी उभी आहे,’ मी म्हटलं.

‘मी नही येस, याही. मुऱ्हाळीच पळी गया, ते लेक कोठे उतरी?’

‘दिवाळीला अजून महिना आहे.’

‘मंग काय झाये? महिनाभर वाट देखसू.’

त्यांना एकटं टाकून जाणं मला जमलं नाही. बायकोला आणि विहीणबाईंना गावी धाडून मी राहिलो. ओस पडलेल्या उधन्यात आम्ही दोन व्याही नाकाला रुमाल बांधून खिचडी शिजवत होतो. माग बंद असल्यामुळे सगळीकडे अशी शांतता होती की त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटू लागला. अशात एका संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की आखाती देशांनी इकडची विमानं थांबवली आहेत. त्यांना ती नीट ऐकू आली नाही. मी ती पुन्हा सांगितली. त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, ‘आपला गावमुळे?’

मी हो म्हटलं. उशीर त्यांना ठाऊक होता. धुकं, बिघाड, वैमानिकाची तब्येत, सगळं ते समजून घेत. पण आपल्याच गावाच्या घाणीमुळे आपल्याच लेकीचं विमान अडावं, हे त्यांना सहन होईना. दुसऱ्या दिवशी फोनच्या बूथवरून ते मस्कतला बोलत होते आणि माझा मुलगा पलीकडून म्हणत असावा की विमानंच नाहीत तर कसं येणार. कारण व्याही ओरडले, ‘मंग बोटवर ये, बेटा.’ बूथवाला हसला नाही. त्याचा भाऊ दुबईत होता.

त्याच दिवसापासून त्यांनी खराटा हाती घेतला. महानगरपालिकेची माणसं येऊन चुन्याची भुकटी टाकत, गटारं उपसत, आणि हे त्यांच्यापुढे निघत. सुरत साफ झाली की विमानं सुटणार, हा हिशेब त्यांच्या मनात अगदी सरळ होता. गल्ली झाली, मग पुढची गल्ली, मग कारखान्यामागची जागा. थोडे लोक परतू लागले तेव्हा पान खाऊन भिंतीवर थुंकणाऱ्या एका ओळखीच्या कामगाराला त्यांनी खांद्याला धरून फिरवलं. ‘तू आठे थुकस, अन् तठे मन्ही नातनं इमान आडकस. काही लाज शे का?’ तो बिचारा इतका गोंधळला की खिशातून रुमाल काढून त्याने भिंत पुसली. पुढे शहर सगळं झाडूनपुसून लख्ख झालं, लांबून लोक पाहायला येऊ लागले, अधिकाऱ्यांचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण उधन्याच्या एका भागात ही सगळी मोहीम माझ्या नातीसाठी झाली असं मानणारा एक माणूस होता. मी त्याची समजूत कधी दुरुस्त केली नाही.

विमानं सुरू झाली, पण अडकलेल्यांची एवढी गर्दी होती की दिवाळीत जागा मिळाली नाही. विहीणबाई गावाहून परतल्या, त्यांनी फराळ केला, आणि व्याह्यांनी तो उघडू दिला नाही. ‘दिवाळी लेकवर ऱ्हास, पंचांगवर नही,’ असं म्हणून त्यांनी आकाशकंदील तसाच लावून ठेवला. शेजारी विचारत, ‘काका, अजून दिवाळी?’ ते म्हणत, ‘इमान लेट शे.’ तुळशीची लग्नं लागून गेली तेव्हा कुठे तारीख मिळाली. आमच्याकडे येऊन त्यांनी रीतीप्रमाणे सुनेला मागितलं, माझ्या बायकोने रीतीप्रमाणे अडवलं, पण या वेळी विनवताना त्यांचे डोळे भरून आले आणि तिने डोळ्यांना पदर लावून पटकन ‘न्या हो’ म्हटलं.

विमान त्या दिवशीही उशिराच आलं. शेवटी काचेपलीकडे सून दिसली, कडेवर नात होती आणि माझा मुलगा सामानासाठी रांगेत अडकला होता. आवाज येत नव्हता. पण व्याही आणि त्यांची लेक काचेतून बोलू लागली. मागांच्या गोंगाटात ओठ पाहून बोलायची सवय दोघांना होती. लहानपणी ती डबा घेऊन कारखान्यात जात असे. मी विचारलं, ‘काय म्हणते?’ ते म्हणाले, ‘भूक लागनी म्हनस. अन् इचारस, मना चिवडा संपाडा का?’ बाहेर आल्यावर त्यांनी नातीला घ्यायला हात पुढे केले आणि सवयीने मोठ्याने हाक मारली. पोर दचकून किंचाळली. ते दोन पावलं मागे सरले. मग टोपी काढून, खाली वाकून, त्यांनी तिला काहीतरी म्हटलं. मी शेजारीच उभा होतो, तरी मला ते ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत त्यांना हळू बोलताना मी तेव्हाच पाहिलं. घरी गेल्यावर डबे उघडले, आणि उधन्यातल्या एका घरात मार्गशीर्षात दिवाळी झाली.

नव्वदीचं दशक सरता सरता, एका डिसेंबरात, ते गेले. सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. नाताळच्या सुट्ट्या होत्या. मस्कतहून लगेच जागा मिळेना, म्हणून अग्नी द्यायला लेकीची वाट पाहता आली नाही. माझ्या मुलाला फोनवर सगळं सांगितलं होतं. सुनेला मात्र एवढंच कळवलं होतं की वडिलांची तब्येत बरी नाही. एवढ्या प्रवासात तिला ते ओझं नको, उतरल्यावर मी सांगेन, असं आमचं ठरलं.

मी एकटाच जीप घेऊन गेलो. उत्तरेकडे धुकं पडल्यामुळे फळ्यावर एकामागून एक विमानाला उशीर लागत होता. कोणाची मुलं सुट्टीला निघालेली, कोणाची यायची राहिलेली, बायाबापड्या सामानावर बसून कंटाळल्या होत्या, माणसं खिडकीशी भांडत होती. मी मस्कतच्या ओळीकडे पाहत होतो. काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, काही जमत नव्हतं. आयुष्यभर शब्दच शिकवले, पण त्या दुपारी माझ्याजवळ एकही नव्हता. ज्या उशिराला सगळे शिव्या देत होते तो मी मनोमन मागत होतो. अजून एक तास मिळू दे, कुठलं तरी धुकं तिकडेही पडू दे.

विमान वेळेवर उतरलं.

थोड्या वेळाने गर्दीतून सून आली. मागून माझा मुलगा नातीचा हात धरून येत होता. सून माझ्यासमोर येऊन थांबली, पाया पडायला वाकू लागली आणि मध्येच थबकून माझ्या खांद्यावरून मागे पाहू लागली. तिची नजर सबंध गर्दीवरून फिरत होती. ती कोणाला शोधतेय हे मला ठाऊक होतं, आणि तरीही, का कोण जाणे, मीही मागे वळून पाहिलं.