मागून आलेली प्राजूची हाक

मागं कुणी नसताना मी तीनदा वळून "आलो, आलो" म्हणालो, इथपर्यंत आमच्या इमारतीनं मला माफ केलं आहे. पुढचं विसरायला अजून कुणी तयार नाही.

आमची एकुलती एक मुलगी प्राजक्ता जर्मनीत ध्वनिमुद्रणाचं काम करते. ("आवाज भरून घेते" म्हटलं की लोक तिला पोलिसांतली समजतात, म्हणून मी नुसतं "इंजिनियर हाय" सांगतो.) ती आली की राजारामपुरीतला आमचा फ्लॅट पुरत नाही. ती गेली की मी आणि माझी बायको शालन, फ्रिज घरघरायचा थांबला तरी दचकतो.

गेल्या खेपेला प्राजूनं एक उद्योग केला. मला माझ्या खुर्चीवरून उठवलं, तिथं एक भलामोठा लाल भोपळा ठेवला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, कान असतात तिथं, एकेक छोटा माइक चिकटवला.

"हे काय?"

"तुमचं डोकं, बाबा."

शालननं मान तिरकी करून बघितलं. "काय फरक कळत न्हाय बघ."

प्राजूनं समजावलं : आवाज एका कानाला किंचित आधी पोचतो, दुसऱ्याला नंतर, त्यावरनंच कोण कुठनं बोलतंय ते आपल्याला कळतं. भोपळ्याला जे ऐकू येईल, तेच हेडफोनवर तुम्हाला. मागचं मागनं, पुढचं पुढनं. मग निघेपर्यंत ती घरभर वावरत होती आणि भोपळ्याला "बाबा" म्हणत होती. मी स्टुलावर बसून बघत होतो. (खोटं कशाला सांगू? भोपळ्याचा हेवा वाटला!)

ती गेल्यावर शालननं ते माइक कुरियरनं तिला पाठवले; सहा महिन्यांनी बिनतारी हेडफोन आला आणि मोबाइलवर ती फाइल. रविवारी सकाळी शालन भाजीला गेली तशी मी खुर्चीत बसलो, हेडफोन चढवला आणि डोळे मिटले.

डावीकडं स्वयंपाकघरात शालनच्या बांगड्या. खाली रिक्षाचा हॉर्न. आणि उजव्या खांद्याशी, अगदी मागनं, "बाबा, पंखा बंद करा की. थंडी वाजायला लागलीया."

"आलो, आलो!" उठून पंखा बंद केला. मे महिना होता! घाम पुसत परत बसलो.

"बाबा, दूध बघा, उतू जातंय!"

"आलो, आलो!" धावत जाऊन गॅस बंद केला. गॅसवर मटणाचा कुकर होता. दूध फ्रिजमध्ये होतं.

"बाबा!"

"आलो, आलो!" म्हणत वळलो, तर ती अजून मागंच! मान फिरवली की आवाजही मानेबरोबर फिरतो, ही हेडफोनची खोड मला काय माहीत? उजवीकडनं वळलो, ती मागं. डावीकडनं वळलो, ती मागं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, दिशा पाठ आहेत माझ्या! स्वतःभोवती पाच-सहा फेऱ्या झाल्या, टीपॉयवर गुडघा आपटला. "अगं, समोर ये की!"

मग बॅगेची चाकं वाजली. दाराची कडी. "बाबा, येते हं."

ती निघाली त्या दिवशी मी वर नव्हतोच. रिक्षा आणतो म्हणून अर्धा तास आधीच खाली जाऊन उभा राहिलो होतो. वर थांबलो असतो तर रडलो असतो. तो निरोप माझ्या वतीनं भोपळ्यानं घेतला होता. मी तो पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तिची पावलं जिना उतरत होती.

मी बनियन-लुंगीवर धावलो. "प्राजू, थांब!" मोबाइल घरातच राहिलेला. एक मजला उतरलो आणि हेडफोनचा संबंध तुटला. पावलं जिन्यातच गप्प झाली. वर वाऱ्यानं धाडकन दार लागलं. लॅचचं दार!

मी पायरीवर बसलो. दुसऱ्या मजल्यावरचे तात्या, तालमीतले जुने पैलवान, बाहेर आले. "काय झालं वो सर?"

धाप लागलेली. एवढंच बोलता आलं, "प्राजू... गेली."

तात्यांनी हंबरडा फोडला! पटापट दारं उघडली. त्यांच्या मंडळींनी पाणी आणलं, कुणी मलकापूरला माझ्या मेव्हण्याला फोन लावला. तो "निघालो" म्हणाला आणि फोन ठेवला. "तसं न्हाय वो," म्हणायला तोंड उघडलं, तर तात्यांनी माझं डोकं छातीशी आवळलं. "रडा सर, मोकळं व्हा!" पैलवानाच्या छातीत तोंड दाबलेलं असताना खुलासा करता येत नाही.

तेवढ्यात शालन पिशव्या घेऊन वर आली. "काय झालं?" तात्यांच्या मंडळींनी नुसतं तिला जवळ घेतलं आणि "प्राजू" म्हणाल्या. पिशव्या सुटल्या, टोमॅटो जिन्यानं खाली निघाले. मी जोर लावून मिठीतनं सुटलो आणि ओरडलो, "जिती हाय! ती सहा महिन्यांपूर्वी गेली!"

यानं काही सुधारलं नाही.

शेवटी शालननं व्हिडिओ कॉल लावला. प्राजू अर्धवट झोपेत. समोर अख्खा जिना रडतोय.

"कोण गेलं?" तिनं घाबरून विचारलं.

"तू," तात्या म्हणाले.

उलगडा झाल्यावर सगळे हसले. प्राजूही पोट धरून हसली. मग म्हणाली, "पण बाबा, तुम्ही खाली का पळाला?"

"तुला थांबवाय."

तिनं कॅमेऱ्यावर हात ठेवला.

दुपारी मेव्हणा जीपभर माणसं घेऊन आला. अर्धकच्चं मटण पुन्हा शिजेपर्यंत प्रत्येकानं हेडफोन लावून बघितला, आणि प्रत्येकजण मागं वळला. (मला तेवढंच बरं वाटलं.) शालन तेवढी वळली नाही. तिनं नुसता हात मागं नेला आणि तसाच ठेवून बसली.

पुन्हा फसायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. दिवाळीआधी एका सकाळी असाच डोळे मिटून ऐकत बसलो होतो. फाइल केव्हाच संपली होती, पण हे माझ्या ध्यानात नव्हतं. उजव्या खांद्याशी, अगदी मागनं आवाज आला, "बाबा, मी आले."

हा तुकडा आजवर कसा निसटला, याचं मला नवल वाटलं. लेक इतक्या लांबून, न कळवता, बॅगेसकट मागं उभी होती, आणि मी, न फसणारा माणूस, मोबाइल चाचपून आवाज वाढवत होतो.