मंत्र्यांसाठी मारलेलं पाणी

मी अकरा वर्षं पैसे घेऊन फुटबॉल खेळलो आणि त्या अकरा वर्षांत तीन गोल केले. त्यातले दोन आमच्याच गोलात. स्टॉपरचं असंच असतं. समोरच्याला गोल करू दिला नाही, ही गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येत नाही. पण सगळ्यात मोठी मॅच कुठली, असं कोणी विचारलं तर मला भरलेलं स्टेडियम आठवत नाही. आठवतं ते आमच्या बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं ग्राउंड, आणि अजूनही पोटऱ्या ताठ होतात.

साखर कारखान्याला फुटबॉल टीम कशाला, हे सभासदांनी वार्षिक सभेत कधी विचारलं नाही. चेअरमनसाहेबांना हवी होती, आणि सहकारात एवढं कारण पुरतं. आम्ही खेळाडू कागदावर हंगामी कारकून होतो, उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावरचे. सलग तिसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही तेव्हा तोलायला ऊसच उरला नाही, आणि आमचा खेळ एकदम सुधारला.

ग्राउंडाची काळी माती भाजून खापरासारखी झाली होती. पडलं की गुडघ्याची साल तिथंच राहायची. आमचे सर फौजेतून निवृत्त झालेले. बचावाचा एकच धडा शिकवायचे. "पडायचं न्हाई. माणूस अंगावर आला की उभं राहायचं, पाय हलवत मागं सरायचं, त्याला कडंला न्यायचं. पडला तो संपला." मोठ्या टीमचे स्टॉपर जमिनीवर घसरत जाऊन समोरच्याच्या पायातून बॉल काढतात, हे मी मासिकातल्या फोटोंत पाहिलं होतं. मला ते पोहण्यासारखं वाटायचं. मजा येत असेल, पण त्याला पाणी लागतं.

मग संचालक मंडळानं ठराव केला, दुष्काळ संपेपर्यंत फुटबॉल स्थगित. हंगामी लोकांना घरी पाठवायचं ठरलं. शिरूर कासारचा माझा मामा ऊसतोडीचा मुकादम होता. त्याचा निरोप आला, "दसरा झाला की टोळीत ये." ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माझं लग्न झालं नव्हतं, म्हणून मी अर्धा कोयता. एकविसाव्या वर्षी स्वतःची इतकी नेमकी मोजणी फार थोड्यांना ऐकायला मिळते.

सरांनी एक शेवटची धडपड केली. फौजेतला त्यांचा जुना दोस्त गोव्यातल्या एका व्यावसायिक क्लबचा कोच होता. त्याच्याकडे एका खेळाडूची जागा होती आणि आमच्याकडे यायला एकच दिवस. तो बघायला येणार होता आमच्या नऊ नंबरला, जिल्ह्यातल्या सगळ्यात चपळ फॉरवर्डला. सरांनी दोन टीम पाडल्या आणि मला नऊ नंबरच्या विरुद्ध उभं केलं.

"त्याला बघताना तू दिसशील," सर म्हणाले. "दिसलास तर गोवा, न्हाई तर कोयता."

आणि नेमक्या त्याच दिवशी दुष्काळ पाहायला मंत्रीसाहेब येणार, हेलिकॉप्टरनं, आमच्याच ग्राउंडावर, असं कळलं.

हेलिकॉप्टर उतरताना धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारतात. सकाळी दोन टँकर आले. पहिल्यानं मधल्या रेषेपर्यंत अर्धं ग्राउंड भिजवलं, आणि आमच्या एका गोलासमोर फक्कीनं मोठं वर्तुळ आखून त्यात 'एच' काढला गेला. दुसरा टँकर वळतोय तोवर पलीकडच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"सरका मावशी, वरून हुकूम हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"वरून?" त्यांच्यातली म्हातारी म्हणाली. "आमच्या येळेला वरून पाऊस येत हुता. आता हुकूम येतो व्हय? सोड नळी."

त्यानं नळी सोडली. अशा वेळी कारखान्याच्या खेळाडूंनी मध्ये पडायला हवं होतं, असं चेअरमनसाहेब नंतर म्हणाले. आम्ही घागरी धरत होतो.

बाराचं हेलिकॉप्टर तीनला आलं. तोवर भिजवलेलं वाळलं, म्हणून पहिला टँकर भरून आणून तेच अर्धं ग्राउंड पुन्हा भिजवलं गेलं. मंत्रीसाहेब उतरले. पांढरा बूट घोट्यापर्यंत रुतला. त्यांनी खाली पाहिलं, चौफेर पाहिलं आणि म्हणाले, "इकडं ओल बरी दिसते की!"

चेअरमनसाहेबांच्या हातातला हार हवेतच थांबला.

"तुमच्यापुरती हाय, साहेब," दोरीपलीकडून म्हातारी म्हणाली.

पुढे प्रास्ताविक, सत्कार, मनोगत असं सगळं यथासांग झालं. गोव्याचा कोच एका बाजूला घड्याळ बघत उभा. हेलिकॉप्टर उडालं तेव्हा सव्वाचार झाले होते आणि पाचला त्याला गेवराईकडे निघायचं होतं.

"अर्धा तास," तो सरांना म्हणाला. "जास्त नाही."

पहिली पंधरा मिनिटं माझ्या वाट्याला कोरडी बाजू आली. देवा, काय खेळलो मी! नऊ नंबर चार वेळा आला. चारही वेळा मी मागं सरत, नाचत, त्याला कडेला घेऊन गेलो आणि तिथं बॉल सोडवून घेतला. जमिनीची एकेक भेग मला पाठ होती.

"काय बे, भिंत हायस का?" तो धापा टाकत ओरडला.

"दार हाय, उघडून बघ!"

मग बाजू बदलल्या. ओली बाजू माझ्याकडे आली आणि सगळा हिशेब फिरला. तीन वर्षांत आमच्यापैकी कोणी चिखलात पाय ठेवला नव्हता. पोरं जत्रेतल्या बाहुल्यांसारखी आडवी होत होती. मी तेवढा उभा होतो, बोटांनी माती धरून. सरांनी शिट्टी तोंडात घातली, म्हणजे शेवटचं मिनिट. नऊ नंबर पुन्हा आला. डावीकडे झुकला, उजवीकडून निघाला, आणि माझा टेकलेला पाय सटकला. तो पहिल्यांदा माझ्या मागं गेला. पुढे आलेला गोलकीपर 'एच'वर बसलेला. नऊ नंबरनं बॉल ढकलला. चिखलातून तो रमतगमत रिकाम्या गोलाकडे निघाला.

मी दोन ढांगा टाकल्या आणि पडलो. ठरवून पडलो, आयुष्यात पहिल्यांदा. जमीन मला ओरबाडेल म्हणून अंग चोरलं होतं, पण तिनं नुसतं पुढं सोडलं. मी 'एच'ची अर्धी फक्की अंगावर घेत घसरत गेलो, घसरतच गेलो. रेषेवर पायाचं टोक बॉलला लागलं आणि तो खांबाबाहेर गेला. मी मात्र थांबेना. थांबलो तो सरळ म्हातारीच्या घागरीपाशी.

"लागलं का रे?"

"न्हाई."

"मग हसतो कावून?"

मी हसतोय हे मला तिच्याकडून कळलं.

कोच पँट दुमडून चिखलातून आला. "हा घसरून केलेला टॅकल इतका वाईट होता," तो म्हणाला, "की माझ्या क्लबात केलास तर बाहेर बसवीन." मी मान खाली घातली. "पण त्याआधी तू एकदाही पडला नाहीस. आमच्याकडं पोरं हिरवळ दिसली की लोळतात. उभं राहणारा मला शिकवून घडवता येत नाही, तो मिळावा लागतो." आणि त्यानं माझा पत्ता लिहून घेतला.

नऊ नंबर बुटांतला चिखल काडीनं काढत बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो.

"बघायला मला आला आन् घेऊन तुला चालला," तो म्हणाला. "तुझ्या मामाला सांग, अर्धा कोयता मी हाय."

मला वाटलं गंमत करतोय. दसऱ्यानंतर तो खरंच मामाच्या टोळीबरोबर गेला.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तर गल्ली गोळा झाली. एवढा चिखल आणला कुठून, याचंच सगळ्यांना कौतुक. आईनं गोव्याची बातमी ऐकली, डोळे पुसले, आणि चड्डीकडं बोट दाखवून म्हणाली, "धुयाची न्हाई. वाळू दे, मग झटक."

गोव्यातल्या पहिल्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी ग्राउंडावर गेलो. एक माणूस पाइप धरून हिरव्यागार गवतावर पाणी मारत होता. मी रेषेबाहेरच थांबलो.

"आज कोण येणार आहे?" मी विचारलं.

त्यानं मला खालवर न्याहाळलं.

"कोण म्हणजे? तुम्हीच."