आधी गाडी, मग चहा

रविवारची दुपार. दोडक्याची भाजी, भाकरी आणि वर वाडगाभर ताक झाल्यावर कोण बसून राहतंय? मी आडवी होते. डोळे मिटलेत, पण कान अजून जागे आहेत. पंखा कुरकुरतोय, बाहेरच्या खोलीत सुकुमार वर्तमानपत्राची पानं उलटतोय. सुकुमार म्हणजे माझा नवरा. पाचच्या आत मला एक फोन करायचाय आणि काय सांगायचं ते ठरत नाही, म्हणून झोप जवळ येते आणि परत जाते.

फोन जयसिंगपूरच्या डॉक्टर नरवाड्यांना करायचाय. त्यांच्याकडे एक साठ वर्षांची इंग्लिश गाडी आहे. दोन दारं, दोन सीटा, कापडी टप, गर्द हिरवा रंग. कंपनीचं नाव तुम्हाला सांगणार नाही, सांगितलं की लोक लगेच मोबाईलवर शोधतात आणि मला वेड्यात काढतात. स्पोर्ट्स कार म्हटलं की श्रीमंतांची चैन वाटते, पण ही नव्या छोट्या गाडीच्या निम्म्यात मिळतेय. डॉक्टरांचे गुडघे गेलेत, एवढ्या खाली बसून त्यांना उठता येत नाही. माझे अजून शाबूत आहेत. मी अठ्ठावन्न वर्षांची, गेल्याच वर्षी निवृत्त झाले, आणि मला दर रविवारी टप उघडा टाकून कुठेतरी जाऊन यायचंय, बस. बेळगावचं एक गिऱ्हाईकही टपून बसलंय, म्हणून पाचच्या आत हो की नाही ते कळवायचं.

पलंग पायथ्याशी जरा दबतो. लेथच्या तेलाचा वास येतो. हा वास या घरातून चार वर्षांपूर्वी गेला.

"काय गं शोभना, झोपलीस व्हय?"

आप्पा बसलेत. माझे सासरे. पांढरा सदरा, खिशात मोजपट्टी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ते गेलेत हे मला पक्कं माहीत आहे आणि तरी मी एवढंच म्हणते, "नाही आप्पा, पडलेय नुसती."

"गाडी बघितलीस म्हणं."

"काल बघितली."

"चहा कधी घेतलास?"

बघा, म्हातारा चार वर्षांनी येतो आणि पहिला नेम तिथेच धरतो. चहा मी आधी घेतला. चहाच काय, पोहे घेतले, डॉक्टरांच्या बायकोने केलेला नारळाचा लाडू घेतला, त्यांच्या नातीचं लग्न कुठे ठरलंय तेही ऐकून घेतलं. मग गाडी बघितली. आप्पांचा नियम होता, आधी गाडी, मग चहा. आपल्याकडे एकदा कुणाच्या घरचं खाल्लं की त्याच्या वस्तूत खोट काढायला जीभ उचलत नाही. मला इंजिनात काहीतरी किणकिण ऐकू आली होती आणि मी तोंडाने म्हणाले, छान आहे हो.

"आणि बॉनेटवर हात ठेवलास?" आप्पा विचारतात. "गार हुतं का गरम?"

"ते... राहिलं."

"राहिलं!" ते भिंतीकडे बघत म्हणतात. "रंग बघत बसली असंल."

भिंत नाहीच. आम्ही उद्यमनगरात आहोत, आप्पांच्या कारखान्यात. दोन लेथ, एक ड्रिल, दारात लोखंडाचे कुरळे तुकडे. हा गाळा विकून झालाय, आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात, हे मला दिसतंयही. एका लेथवर कव्हरांची माळ लटकतेय. दोन लेथच्या मधोमध ती हिरवी गाडी उभी आहे.

"ठेव हात."

मी ठेवते. बॉनेट रांजणासारखं गार आहे. काल गाडी सुरू करायच्या आधी रंगावरून सहज हात फिरवला तेव्हा ते कोमट होतं, हे माझ्या तळहाताला आत्ता आठवतं. डॉक्टरांनी मी पोचायच्या आधी गाडी तापवून ठेवली होती. वाईट हेतूने नसेल, पाहुणा आला की आपण दिवा लावतो, खोली झाडतो, तसंच. पण तापलेलं इंजिन कुणाशीही गोडच बोलतं, हे आप्पा मला तीस वेळा सांगून गेलेत.

"आता चोक वढ. कर सुरू."

गाडी खोकते. दुसऱ्यांदा खोकते. तिसऱ्यांदा सुरू होते आणि मागून निळसर धूर काढते. आप्पा डोळे मिटून उभे राहतात, मान एका बाजूला. मी त्यांच्या तोंडाकडे बघते, बोर्डाच्या निकालाकडे बघितलं होतं तशी. धूर हळूहळू पातळ होतो आणि जातो.

"रिंगा झिजल्यात. तेल पिणार ही," ते म्हणतात. मग कपड्यांची पर्वा न करता गाडीखाली सरकतात. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसतात. ठक. ठक. ठप्प.

"ऐकलंस?"

"तिसरं ठप्प आलं."

"हां. तुझ्या सीटखालचा पत्रा कुजलाय. वर पुट्टी भरून रंग मारलाय." ते बाहेर येतात, मूठ उघडतात आणि गंजाचा चुरा माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पडतो. गाडी आता गॅसच्या ओट्याला चिकटून उभी आहे. फ्रिजचं दार उघडायला जागा नाही. यात काही विशेष आहे असं मला वाटत नाही, नंतर झाडून घ्यावं लागेल एवढंच वाटतं.

"म्हणजे घेऊ नको?"

"असं कुठं म्हणालो मी? पत्रा कापायचा, नवा लावायचा. रिंगा बदलायच्या. म्हातारी झालीया, मेली न्हाई. फक्त काय घेतोय ते ठावं असावं, मग घ्यावं."

मी ओट्याला टेकते. खरं विचारायचंय ते वेगळंच आहे, आणि ते मी सुकुमारलाही विचारलेलं नाही. आमच्या बंगळूरच्या चिरंजीवांनी फोनवर विचारलं, आई, या वयात कशाला?

"आप्पा, हे काही कामाचं नाही. तीस वर्षं मी तालुक्यातल्या अंगणवाड्या बघत फिरले, स्वतः गाडी चालवत. तेव्हा गाडीला कारण होतं. नोकरीसाठीच तर तुम्ही मला शिकवलंत. आता नुसतं आपलं रविवारी उगीच फिरायचं, हे..."

"नोकरीसाठी शिकवलं, हे कुणी सांगितलं तुला?"

"मग?"

आप्पा चष्मा काढून सदऱ्याला पुसतात. "लग्नानंतर तुम्हा सगळ्यांना बाहुबलीच्या डोंगराला दर्शनाला घेऊन गेलो हुतो. आठवतंय? मागं बसल्याली सगळी खिडकीतनं बाहेर बघत हुती. झाडं, शेतं, म्हशी. तू एकटी माझ्या खांद्यावरनं समोर बघत हुतीस. मी गिअर टाकला की तुझी मान हलायची." ते चष्मा घालतात. "आनंद वाटला मला. घरात कुणालाच आवड नव्हती. म्हणून शिकवलं. नोकरी मागनं आली."

एवढंच बोलतात. मला तिथल्या तिथे रडू येतं, आणि ते दुःखाचं नसतं. मी नाशिकची, या घरात परकी, भाकरी थापताना मोडून ठेवणारी. चौतीस वर्षं मला वाटत होतं की या माणसाने सुनेची सोय बघितली. त्याने मला बघितलं होतं.

"चल," ते म्हणतात. "चप्पल काढ. क्लच तळव्याला कळला पाहिजे."

रस्ता गगनबावड्याचा आहे, कडेला ऊस, वर उघडं आकाश. टप नाही. मी चालवतेय, आप्पा शेजारी बसलेत आणि एवढ्या छोट्या गाडीत त्यांचे गुडघे छातीशी आलेत. वाऱ्याने त्यांचे चार केस उभे राहिलेत. ते हसतायत. त्यांचे खालचे दात मी प्रथमच बघते.

आमच्यात सासऱ्याला कुणी थँक्यू म्हणत नाही. दिवाळीला वाकून नमस्कार केला की त्यातच सगळं आलं, असं समजायचं. मीही तसंच समजत आले. पण इथे स्टिअरिंग धरून वाकता येत नाही.

"आप्पा," मी वाऱ्यात ओरडते, "तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर!"

"समोर बघ!" ते ओरडतात. मग थोड्या वेळाने, हळू, "कळलं हुतं मला. शेवटी तू मला दवाखान्यात न्यायचीस, तवा एकबी खड्डा लागू दिला न्हाईस."

वळणावर एक दगडी कठडा आहे. ते हाताने खूण करतात. "हितं थांबव. उतरतो मी."

मी क्लच दाबते, ब्रेक दाबते. गाडी थांबते.

"मी उतरेस्तोवर क्लच सोडू नको."

ते दार उघडतात, एक पाय बाहेर टाकतात, कंबरेवर हात ठेवून उठतात. मी क्लच धरून ठेवते. तो सोडला नाही तर गाडी पुढे जाणार नाही आणि आप्पा इथेच उभे राहतील, हे मला लख्ख कळतं. मी पूर्ण जोराने दाबते. पोटरी थरथरते. पायात मुंग्या येतात. आप्पा दारावर हात ठेवून उभे आहेत, घाई नाही.

"शोभना," ते म्हणतात, "सोड आता. हळू."

मी सोडते. हळू, त्यांनी शिकवलं तसं. गाडी धक्का न बसता पुढे सरकते.

पंखा. छत. घड्याळात पावणेपाच. उशी कानाजवळ ओली आहे.

मी उठून बसते आणि पहिलं काम म्हणजे फोन लावते.

"डॉक्टर, मी शोभना मगदूम. गाडी मला हवी आहे. उद्या सकाळी येते. फक्त एक करा, मी येईपर्यंत ती सुरू करू नका. गारच राहू दे."

पलीकडे डॉक्टर हसतात. "अहो, म्हणजे जाणकारांकडून शिकलायत तुम्ही."

"हो," मी म्हणते.

सुकुमार दारात येऊन उभा राहतो. "एवढ्या मोठ्यानं कुणाशी बोलतीयस?" विचारता विचारता तो थांबतो. "पायाला काय झालं तुझ्या?"

डावा पाय बधिर झालाय म्हणून मी तो मांडीवर घेऊन चोळतेय. आता मीही बघते. तळव्यावर, बोटांच्या जरा खाली, चार आडव्या रेषा उमटल्यात. सरळ, सारख्या अंतरावर, लालसर. पलंगावर तशी कसलीही वस्तू नाही. चादर साधी सुती आहे. मी चादर झटकून बघते, गादीवर हात फिरवून बघते.

सुकुमार पलंगाच्या कडेला बसतो आणि माझा पाय हातात घेतो. घाटात गाडी चढली की डोळे मिटून घेणारा हा माणूस, त्याने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला मी पाहिलेला नाही.

"हे पेडलच्या रबराचं आहे," तो म्हणतो.

"तुला काय माहीत?"

"मलापण अनवाणी बसवलं होतं आप्पांनी. एकदाच. मी सतरा वर्षांचा होतो." तो वर बघत नाही. "मी लई रडलो. त्यांनी काही म्हटलं नाही, नुसती चप्पल उचलून हातात दिली. त्या रात्री माझ्या पायाला असंच उमटलं होतं."

त्याचा अंगठा पहिल्या रेषेवरून जातो, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. चारही त्याच्या बोटाला जाणवतात. मी पाय काढून घेत नाही.