लिक्सलिपमधला ग्रीक नवस

आमच्या शैलेंद्रला तेहतीस कोटी देव कमी पडले. लॉकडाउनमध्ये लोकांनी ब्रेड भाजले, यानं ग्रीक देव धरले. दिवसभर इथे आयर्लंडात, लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात, संध्याकाळी लॅपटॉपवर झ्यूस-अपोलोच्या उपासकांशी गप्पा. "ग्रँड लोक आहेत गं," म्हणायचा. असतील. त्यांना भांडी घासावी लागत नसतील.

एप्रिलमध्ये नागपूरला माझे सासरे करोनानं हॉस्पिटलात गेले. इथून जाणं अशक्यच. फोनवर बाबांना स्वतःचं नावसुद्धा पुरं घेता येईना. "दत्ता..." आणि पुढे नुसती धाप. शैलेंद्र ग्रीकांच्या वैद्यदेवाला, अस्क्लेपिओसला, नवस बोलून मोकळा झाला. मी भडकलेच. "अरे, धन्वंतरी काय रजेवर होता?"

बाबा बरे होऊन घरी आले, तसा नवस फेडायचा शनिवार ठरला. काठीला साप गुंडाळलेला दाढीवाला देव कुरियरनं आला. जळती काडी विझवलेल्या पाण्यानं हात धुवायचे, जव उधळायचे, आणि पहिला मान चुलीच्या देवीचा. आमच्याकडे कुठली चूल? इलेक्ट्रिक शेगडीपुढे मधाची वाटी ठेवली. साहेबांनी सवयीनं देवाला हळदकुंकू वाहिलं आणि जीभ चावली. "आपल्यात हे चालत नाही." आपल्यात! मग धूप पेटवला आणि स्मोक अलार्म बोंबलला. मी स्टुलावर चढून टॉवेल हलवतेय, तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल.

शैलेंद्रचा चेहरा उतरला. बाबांनी जन्मभर भिक्षुकी केलेली, अर्ध्या धरमपेठेचे सत्यनारायण सांगितलेले. नवसाचं त्यांना ठाऊक होतं, देव कुठला ते नव्हतं. पोरानं परका देव पुजलाय हे कळलं तर नुकता सावरलेला माणूस खचेल, हीच त्याला धास्ती. फोन उचलता उचलता त्यानं देव कपाटात, इथल्या भाषेत 'प्रेस'मध्ये, चहाच्या डब्यामागे कोंबला.

"का करून राहिला रे? धूर कसला?"

"काही नाही, बाबा."

"नवस बोलला होता ना तू? सूनबाई, तू सांग."

मी कशाला खोटं बोलू? स्टुलावरूनच सगळं सांगून टाकलं. शैलेंद्र मान खाली घालून उभा. मला त्याची कीव आली.

"संकल्प सोडला?" बाबांनी विचारलं.

"त्यांच्यात नसतो."

"मग कुणी फेडला हे देवाला कळेल कसं? पाणी घे हातात. आणि आधी त्याला बाहेर काढ. डब्यामागे काय कोंबून राहिला!"

बाबांनी सुरू केलं. तिथी, वार, नक्षत्र, भरतखंडाच्या जागी "आयर्लंडद्वीपे लिक्सलिपग्रामे", मग गोत्र, शैलेंद्रचं नाव. देवाच्या नावापाशी जीभ अडखळली, पण रेटलंच. "अस्क्लेपिओसाय नमः!" मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. एवढा लांबलचक संकल्प, आणि बाबांना कुठेही धाप लागली नव्हती.

शैलेंद्रच्याही ते लक्षात आलं असावं. ओंजळीतलं पाणी ओट्यावर गळत होतं आणि तो हमसून हमसून रडत होता.

"अरे, ताम्हनात सोड!" बाबा ओरडले. चांगले खणखणीत ओरडले.

मी स्टुलावरून उतरले, धन्वंतरीची मनातल्या मनात माफी मागितली आणि दाढीवाल्याला वाकून नमस्कार केला.